चार नट आणि एक किल्ली

महाद्या, लेका, तू गेलास त्याला आज एकवीस दिवस झाले आणि मी अजून रडलेलो नाही. आमच्या चाळीतले लोक म्हणतात, मास्तरांनी फार मनाला लावून घेतलंय. कसलं डोंबलाचं मनाला लावून घेतलंय! मला राग आलाय. तुझा. माणसानं मरायच्या आधी समोरच्याला एकदा तरी बोलू द्यावं. चार वर्षं मी तोंड उघडलं की तू "ऱ्हाऊ दे रं मास्तर" म्हणायचास आणि विडी पेटवायचास. आता मी बोलणार आहे. हिंमत असेल तर ऊठ आणि म्हण, ऱ्हाऊ दे.

धनुर्वातानं गेलास. गंजका पत्रा पायात घुसल्याचं निमित्त. तेही कुठं, तर पिंपरी कॅम्पातल्या भंगाराच्या वखारीत, मेलेल्या गाड्या फोडायच्या कामावर. ज्याच्या हाताखालून गेलेली लॉरी खंडाळ्याचा घाट न कुरकुरता चढायची, त्यानं छिन्नी-हातोडा घेऊन गाड्यांचे पत्रे सोलायचे! हे काम तुझ्यावर का आलं ते कासारवाडीपासून चिंचवडपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटतं. त्या लाल गाडीचे चार नट तू ढिले ठेवलेस म्हणून. ढिला मिस्त्री! खरं काय ते एका माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस तुझ्या शेजारी बसून तुझीच भाकरी खात होता.

दहाव्याला पवनेच्या घाटावर आलो होतो. मागं उभा होतो. माझ्या पुढ्यात दोघं जण बोलत होते. एक म्हणाला, "ढिला मिस्त्री म्हणायचे तो ह्योच ना?" दुसरा म्हणाला, "व्हय, त्योच." तुझ्या दहाव्याला, राव! त्याच्या कानाखाली एक काढावी असं आलं मनात. हात उचललाही असता. पण मी काय केलं? खाली मान घालून चपला शोधत बसलो. तू असतास तर म्हणाला असतास, मास्तरचं हे नेहमीचंच हाय.

मास्तर हे नाव तूच पाडलंस. लढाई संपली, खडकीच्या लष्करी वर्कशॉपातनं आम्हाला एका दिवसात कमी केलं, आणि नगरला परत जायला तोंड नव्हतं म्हणून मी मुंबई-पुणे रस्त्यानं काम विचारत हिंडत होतो. तुझ्या बापाच्या वावराच्या कडेला तू एका लॉरीखाली आडवा पडला होतास. नुसते पाय दिसत होते. पायांनीच विचारलंस, "कोन हाय?" मी म्हटलं, फिटर आहे. "मंग हुबा काय ऱ्हायलाय, धर की हिकडनं!" ही आपली ओळख. दुपारी फडक्यातल्या दोन भाकऱ्यांतली एक माझ्या हातावर ठेवलीस. जात विचारली नाहीस, गाव विचारलं नाहीस. मी दोन दिवसांचा उपाशी होतो हे तुला कसं कळलं, ते मी कधी विचारलं नाही.

मग आपण शेड टाकली. चार बांबू, वर पत्रे. मला इंग्रजी अक्षर लावून लावून वाचता यायचं, गाड्यांची तेलकट पुस्तकं मी उशाला घेऊन झोपायचो. तुला पुस्तकाचं वावडं. तू इंजिनाला कान लावायचास आणि सांगायचास, हिच्या तिसऱ्या घरात दुखतंय. आणि उघडून बघितलं की खरंच तिसऱ्याच सिलिंडरात दुखणं असायचं! माझी अशी चिडचिड व्हायची. पाच वर्षं आपण भांडत भांडत काम केलं आणि त्या रस्त्यावर आपल्याइतकं नाव कुणाचं नव्हतं.

आणि मग ती लाल गाडी आली. पुण्याच्या त्या साहेबांची, दोनच माणसांची, बसकी, विलायती. लढाईच्या आधीची. कुणी गोरा देश सोडताना विकून गेलेला. साहेब म्हणाले, वळणावर गाडी एका अंगाला झोपते, भीती वाटते. तू खाली शिरलास आणि आतूनच ओरडलास, "मास्तर, म्होरला दांडा खलास हाय! गंजून तुटलाय." पुस्तकात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. पुढच्या दोन्ही चाकांना नाकाखालून जोडणारा, टोकांशी वाकवलेला पोलादी दांडा. एक चाक दबलं की दुसऱ्यालाही थोडं दाबतो, म्हणून गाडी वळणावर कलत नाही. नवा मागवायचा तर विलायतेहून, म्हणजे सहा महिने. साहेबांना गाडी दसऱ्याच्या पूजेला दारात हवी होती.

तू दोन दिवस मुंबईच्या भंगारबाजारात पालथं घालायचं काही ठेवलं नाहीस. तसल्याच एका मोडलेल्या गाडीचा दांडा मिळवलास आणि पुणे पॅसेंजरनं खांद्यावर घेऊन कासारवाडीला उतरलास. तिकीट तपासणाऱ्यानं विचारलं, हे काय धनुष्य? तू म्हणालास, "व्हय, दसऱ्याला रावन मारायचाय." आठवडाभर तू तेच सांगून हसत होतास. घरी हौसा वहिनींनासुद्धा तीन वेळा सांगितलंस.

बसवताना आपलं वाजलं. तुझी रीत अशी, की एका बाजूनं जॅक लावायचा, एक टोक बसवायचं, दुसरं जुळलं नाही तर पहारीनं दाबून भोकात घालायचं, आणि तिथल्या तिथं आवळून टाकायचं. मी म्हटलं, अजिबात नाही. दोन्ही चाकं एकदम उचलायची, म्हणजे दांड्याला पीळ बसत नाही. खाली रेल्वेच्या रुळांखालचे लाकडी स्लीपर द्यायचे. दांडा गाडीला धरणारे मधले दोन पट्टे रबरासकट चढवायचे, टोकांचे दोन बोल्ट घालायचे, पण चारही नट नुसते बोटानं फिरवून ठेवायचे. गाडी चाकांवर उतरवायची, हलवायची, दोन हात पुढंमागं ढकलायची, आणि तिचं वजन तिच्या पायांवर आलं की मग पान्यानं आवळायचं. अधांतरी आवळलं तर रबर पिळलं जातं आणि महिन्यात फाटतं. पुस्तकात चित्रासकट दिलंय.

"मास्तर, तुझं पुस्तक काय दांडा आवळायला येनार हाय का?" असं म्हणालास. पण ऐकलंस. पहिल्यांदाच ऐकलंस माझं, मेल्या, आणि तेव्हाच ऐकायचं होतं का? तुझ्या रीतीनं रबर महिन्यात फाटलं असतं. फाटू दे की! नट तरी घट्ट असते.

दिवस खंडेनवमीचा होता. दुपारपर्यंत दांडा चढला, गाडी स्लीपरवरून खाली आली. हात पुसायला गेलो तोवर हौसा वहिनी पूजेचं ताट घेऊन आल्या. तुझ्या घरचा नेम मला माहीत होता. हत्यारं घासलेटात धुवायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ, आणि मग दुसऱ्या दिवशी सोनं लुटून येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा. तू पाने मांडत होतास, अगदी लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीनं, आणि मी म्हटलं, "महादू, चार नट राहिलेत आवळायचे."

तू पाटाकडं बघितलंस. वहिनींनी कुंकू लावलं होतं. निरांजन ओवाळून झालं होतं.

"उद्या सांजच्याला आवळू," तू म्हणालास. "गाडी हितंच हाय, कुटं जातीय?"

"अरे, पाच मिनिटांचं काम आहे!"

"पूजंतलं हत्यार उचलायचं न्हाई, मास्तर. माज्या बानं विळा उचलला न्हाई कंदी, मी पाना उचलू व्हय?" आणि मग माझ्याकडं बोट करून म्हणालास, "पन एक ध्यानात ठेव. हत्यार उचलायचं न्हाई, तर गाडीबी हलवायची न्हाई. कुनीबी येऊं दे."

आणि त्या कॉटर पिना आठवतात का, नट फिरून गळू नये म्हणून त्यातून आरपार घालायच्या? चार पिना तू एका काडेपेटीत घालून माझ्याजवळ दिल्यास. नट आवळल्याशिवाय भोकं जुळत नाहीत, आणि भोकं जुळल्याशिवाय पिना जात नाहीत. म्हणालास, ही काडेपेटी तुज्या खिशात. जवर हिच्यात पिना हायती, तवर गाडी आपली.

दसऱ्याच्या सकाळी तू आपट्याची पानं आणायला रानात गेलास. आणि साहेब आले. टांग्यानं, रेशमी कोट घालून.

आता ऐक. हे तू कधीच ऐकलं नाहीस. मी तुला सांगितलं होतं, मी चहा प्यायला गेलो होतो, साहेबांकडं दुसरी किल्ली होती, तेच गाडी घेऊन गेले. तू मान हलवलीस आणि त्यावर एकही प्रश्न विचारला नाहीस. महाद्या, दुसरी किल्ली नव्हतीच. किल्ली एकच, ती माझ्या हातात होती आणि ती मी दिली.

का दिली? साहेब माझ्याशी इंग्रजीत बोलले. दांडा बघायला वाकले, मी त्यांना पुस्तकातलं सगळं सांगितलं, दोन्ही चाकं एकदम का उचलली ते सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही इथं या शेडीत काय करताय? पिंपरीला मोठा कारखाना उभा राहतोय, तिथं माझी ओळख आहे, तुमच्यासारखी माणसं हवी आहेत त्यांना. मग घड्याळ बघून म्हणाले, घरी पूजेचा मुहूर्त टळतोय. पाटावरचे पाने माझ्या पाठीमागंच होते. मी एक पाना उचलला असता तरी काय झालं असतं? देव कोपला असता? तू कोपला असतास. आणि 'नट ढिले आहेत, नेऊ नका' म्हणालो असतो तर साहेबांना वाटलं असतं, ह्याचं काम अर्धवट आहे. म्हणून मी बोटांनी नट पुन्हा एकदा फिरवले, जेवढे फिरतील तेवढे, आणि म्हणालो, "साहेब, जरा हळू चालवा." काडेपेटी माझ्या खिशात खुळखुळत होती.

दापोडीच्या वळणापर्यंतच टिकले ते. डाव्या टोकाचा नट गळाला, दांडा सुटून खाली आला, गाडी कलली आणि बाभळीवर गेली. साहेब जगले. पण उजवा हात कोपरात मोडला तो कायमचा वाकडा.

चौथ्या दिवशी त्यांचा मुनीम आला. शेडीत उभा राहून विचारलं, "शेवटचा हात कोणाचा होता?" मी तोंड उघडलं, देवाशपथ उघडलं. पण तू आधीच पुढं झालास. "माजा," म्हणालास. "नट ऱ्हायलेत ते मला ठावं हुतं. मी पाना उचलू दिला न्हाई." अरे, विचारलं कुणी होतं तुला एवढं? तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला? हात तर आपल्या दोघांचा होता! तुझ्या मनात असं होतं, की नेम तुझा, म्हणजे पाप तुझं. माझं पुस्तक, माझी किल्ली, माझी जीभ, ह्यातलं काहीच तुला दिसलं नाही. आणि मी तुला ते दाखवलं नाही. मुनीम गेला, तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "तू कशाला घाबरतोस? तू तर आवळायला निघाला हुतास."

पुढचं तुला माहीतच आहे. महिन्याभरात रस्त्यावरच्या लॉऱ्या शेडीपुढं थांबेनाशा झाल्या. ड्रायव्हर लोक लांबून हॉर्न वाजवून ओरडायचे, "ओ ढिला मिस्त्री, आवळलं का?" आणि मला कारखान्याचं बोलावणं आलं. साहेबांनी शब्द पाळला. मी तुला विचारलं, जाऊ का? मनातून वाटत होतं, नको म्हण, शिव्या दे. तू म्हणालास, "जा की! आपल्यातला येक तरी वर जाऊं दे." नव्या खाकी कपड्यांत मी पहिल्या शिफ्टला निघालो तेव्हा शेडीच्या दारात उभा राहून तू हात केलास. मी हात केला की नाही ते आठवत नाही.

दर रविवारी यायचो. तू भाकरी काढायचास. मी सुरुवात करायचो, "महादू, त्या दिवशीचं..." की झालं, "ऱ्हाऊ दे रं मास्तर." खरं सांगू? तू ते म्हणायचास आणि मला सुटल्यासारखं व्हायचं. मी सुरुवात करायचोच मुळी अशा बेतानं, की तू थांबवशील. चार वर्षं असं केलं मी. एका वाक्याचं काम होतं, किल्ली मी दिली. एवढंच.

परवा वहिनींकडं गेलो. त्या अंगणात डाळ निवडत होत्या. तुझी हत्यारं एका पोत्यात भरून दाराशी ठेवली होती. म्हणाल्या, उद्या वखारवाला नेनार हाय. मी म्हटलं, वहिनी, औंदा तुमच्याकडं सणवार नाही, ह्यातला एखादा पाना द्या, खंडेनवमीला मी माझ्याकडं पूजेत ठेवतो. आणि मग बोललो. सगळं. काडेपेटीसकट.

त्यांचे हात थांबले नाहीत. खडे बाजूला, डाळ बाजूला. निवडता निवडताच म्हणाल्या, "तवाच सांगितलं असतं तर?"

मी म्हटलं, "तर मला नोकरी मिळाली नसती."

"मंग बराबर हाय," त्या म्हणाल्या. मग उठल्या, पोत्यातून तो मोठा पाना काढला आणि माझ्या हातात दिला नाही, समोर जमिनीवर ठेवला. "भावजी, तुमाला ठावं हाय का? चार वर्सं ह्यो मानूस खंडेनवमीला घरात थांबत न्हवता. म्हनायचा, माज्या पूजंनं येका मानसाचा हात मोडला. पाट मांडू द्यायचा न्हाई मला. आन् मी देवाला शिव्या घालत हुते, की आमच्या भोळ्या मानसाला असं का फशिवलंस. देवाचं काय चुकलं न्हवतं व्हय."

मी पाना उचलला. दारापर्यंत गेलो तेव्हा मागनं म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? तितं सांगा, जितं त्यांना ढिला म्हन्त्यात."

म्हणून आज सकाळी सांगितलं. कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर, शिफ्ट सुटायच्या वेळी, जिथं लॉरीवाले, फिटर, वखारीचे लोक, सगळे असतात. घाटावर बोलत होते ते दोघंही होते. मी बाकड्यावरून उठलो आणि मोठ्यानं म्हणालो, ऐका. महादूनं नट आवळायचे ठेवले होते, गाडी हलवायची नाही म्हणून बजावलं होतं. गाडीची किल्ली मी दिली. मी खोटं बोललो. त्याला जी नावं ठेवलीत, ती माझी आहेत. बोललो, राव. चारचौघांत पहिल्यांदा बोललो.

मला वाटलं, आता कुणीतरी थुंकेल. वाट बघत होतो त्याची.

मग घाटावरचा तो पहिला माणूस उठला, माझ्याजवळ आला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, "मास्तर, मेलेल्या दोस्ताचं नाव राखायला एवढं अंगावर घेता? कुठं भेटतो असा मानूस!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी ओरडलो, अरे खरं सांगतोय मी! ते म्हणाले, व्हय व्हय, बसा, बसा. एकानं डोळे पुसले. लॉरीवाला दुसऱ्याला सांगत होता, बघ, ह्याला म्हणतात मैत्री, कुठं तो ढिला आणि कुठं हे मास्तर.

टपरीवाल्यानं माझा कप पुन्हा काठोकाठ भरून पुढं केला. महाद्या, मी तो चहा प्यायलो.